समुदाय रुग्णालयातील आपत्कालीन सेवा : पहिल्या तासाची व्यवस्था

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• आपत्कालीन सेवेतील समुदाय रुग्णालयाचे स्थान स्पष्ट करता येईल.
• ‘तीन विलंब’ ही संकल्पना उदाहरणांसह सांगता येईल.
• रुग्णांची तातडीनुसार वर्गवारी आणि प्राथमिक तपासणीचा क्रम समजावून देता येईल.
• महाड तालुक्यातील विंचूदंशाच्या उपचारांच्या इतिहासावरून लहान आरोग्य केंद्राचे महत्त्व सांगता येईल.
• आपत्कालीन उपचारांविषयीच्या कायदेशीर तरतुदी आणि नागरिक म्हणून आपली भूमिका ओळखता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहींनी वाराणसीचा रामघाट पाहिला असेल. गंगेच्या पश्चिम तीरावर, पंचगंगा घाटापासून थोडे दक्षिणेला हा घाट आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सारा परिसर मराठी माणसाला परका नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक झालेली मराठी घराणी या भागात आहेत. रामघाटाला लागूनच मेहता घाट आहे. तो पूर्वी रामघाटाचाच भाग होता. तेथील मेहता रुग्णालयावरून त्याला हे नाव पडले. घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की गल्ल्या सुरू होतात. त्या इतक्या अरुंद, की समोरून गाय आली तर माणसाने भिंतीला टेकून उभे राहावे. चारचाकी वाहन तेथे येऊ शकत नाही.

आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. पहाटे स्नानाला आलेल्या साठीतल्या एका यात्रेकरूच्या छातीत कळ येते. अंगाला दरदरून घाम फुटतो, डावा हात जड वाटू लागतो. बरोबरची मंडळी म्हणतात, “पित्त झालं असेल, थोडं बसा.” अर्धा तास जातो. मग कोणीतरी १०८ क्रमांकावर फोन करतो. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यापर्यंत येते. तेथपर्यंत रुग्णाला पायऱ्या आणि गल्ल्यांतून उचलून न्यावे लागते. हृदयविकारतज्ज्ञ आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेले मोठे रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मधल्या वाटेवर एक लहान रुग्णालय लागते. तेथे तज्ज्ञ नाही, एकच डॉक्टर आणि दोन परिचारिका ड्यूटीवर आहेत.

या लहान रुग्णालयाने काय करावे? “आमच्याकडे सोय नाही, पुढे न्या” असे म्हणावे, की काही करावे? केले तर काय आणि किती वेळात? या पाठाचा विषय हाच प्रश्न आहे. उत्तर थोडक्यात आधीच सांगून ठेवू : लहान रुग्णालयाकडून सर्व उपचारांची अपेक्षा नसते. धोका ओळखणे, जीव टिकवून धरणे आणि रुग्णाला योग्य ठिकाणी योग्य तयारीने पाठवणे ही त्याची तीन कामे आहेत. ही कामे पहिल्या तासात झाली, तरच पुढच्या मोठ्या रुग्णालयाचा उपयोग होतो.

२. समुदाय रुग्णालय म्हणजे काय?

भारतातील सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली आहे. सपाट प्रदेशात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे असे मानक आहे. डोंगराळ व आदिवासी भागांत हेच आकडे अनुक्रमे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे आहेत. सामुदायिक आरोग्य केंद्र ३० खाटांचे असते. महाराष्ट्रात याच पायरीला आपण ‘ग्रामीण रुग्णालय’ म्हणतो. त्याच्या वर उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येते.

‘समुदाय रुग्णालय’ हा शब्द या पाठात आपण थोड्या व्यापक अर्थाने वापरणार आहोत. ग्रामीण रुग्णालय, शहरातील वस्तीजवळचे धर्मादाय रुग्णालय, तालुक्याच्या गावचे लहान खासगी रुग्णालय या सर्वांचा त्यात समावेश होतो. खाटा कमी, तज्ज्ञ मोजके, पण लोकांच्या सर्वांत जवळ ही त्यांची समान खूण आहे. संकटाच्या वेळी माणूस आधी जवळच्या दारात जातो. त्यामुळे तेथे ‘आपत्कालीन विभाग’ अशी पाटी असो वा नसो, आपत्कालीन रुग्ण येणारच.

३. तीन विलंब

मातामृत्यूंचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये ‘तीन विलंब’ ही मांडणी केली. पुढे ती सर्वच आपत्कालीन सेवांना लागू पडते असे दिसून आले.

पहिला विलंब : निर्णयाचा. आजार गंभीर आहे हे न ओळखणे, घरातल्या कर्त्या माणसाची वाट पाहणे, खर्चाची भीती, आधी मांत्रिकाकडे जाणे. आपल्या उदाहरणात “पित्त झालं असेल” म्हणून गेलेला अर्धा तास हा पहिला विलंब आहे.

दुसरा विलंब : पोहोचण्याचा. रस्ता नसणे, वाहन नसणे, पुराने पूल बंद होणे. रामघाटाच्या पायऱ्या आणि गल्ल्या हे दुसऱ्या विलंबाचे शहरी रूप आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीत तो मैलांत मोजावा लागतो. येथे अंतर थोडे असूनही वेळ तितकाच जाऊ शकतो. म्हणून ‘रुग्णालय किती किलोमीटरवर आहे’ यापेक्षा ‘किती मिनिटांवर आहे’ हा प्रश्न विचारायला शिका.

तिसरा विलंब : दारात पोहोचल्यानंतरचा. केसपेपर काढायची रांग, डॉक्टर जागेवर नसणे, ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघणे, औषधांच्या कपाटाची किल्ली न सापडणे, पोलिसांची वाट पाहत बसणे.

पहिले दोन विलंब कमी करायला समाजप्रबोधन, रस्ते, वाहने लागतात. त्याला वर्षे लागतात. तिसरा विलंब मात्र रुग्णालयाच्या स्वतःच्या हातात असतो आणि तो कमी करायला फार पैसा लागत नाही. म्हणून पुढील दोन विभागांत आपण त्याचाच विचार करू.

४. दारात आल्यावर : वर्गवारी आणि पहिली तपासणी

४.१ वर्गवारी

बाह्यरुग्ण विभागात जो आधी आला त्याला आधी तपासतात. आपत्कालीन विभागात हा नियम चालत नाही. येथे ज्याला धोका जास्त तो आधी. या निवडीला ‘ट्रायेज’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे, प्रतवारी करणे असा आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे यांनी जखमी सैनिकांवर त्यांच्या हुद्द्यानुसार नव्हे, तर जखमेच्या गंभीरतेनुसार उपचार करण्याची पद्धत रुजवली, असा त्याचा इतिहास आहे.

सोप्या पद्धतीत तीन रंग वापरतात :
• लाल : जिवाला तत्काळ धोका. श्वास अडखळणे, बेशुद्धी, मोठा रक्तस्राव, आकडी, छातीत दुखून घाम येणे. लगेच उपचार.
• पिवळा : गंभीर, पण थोडा वेळ थांबता येईल. हाडाचे मोडणे, तीव्र पोटदुखी, जास्त ताप. लक्ष ठेवून लवकर उपचार.
• हिरवा : किरकोळ जखम, सर्दी, जुने दुखणे. थांबता येईल.

वर्गवारीसाठी डॉक्टरच हवा असे नाही. प्रशिक्षित परिचारिका एक-दोन मिनिटांत ती करते. लक्षात ठेवा, हिरव्या गटातला रुग्ण मोठ्याने ओरडत असू शकतो आणि लाल गटातला अगदी गप्प पडलेला असू शकतो. आवाजावरून निवड केली तर चूक होते.

४.२ प्राथमिक तपासणीचा क्रम

लाल गटातील रुग्णाची तपासणी ठरावीक क्रमाने करतात. प्रत्येक पायरीवर दोष सापडला की तो तेथेच दुरुस्त करून मगच पुढे जायचे असते.
(अ) श्वासमार्ग : मोकळा आहे का? जीभ मागे पडली आहे का, उलटी अडकली आहे का?
(आ) श्वसन : छाती दोन्ही बाजूंना सारखी हलते का? ऑक्सिजन हवा का?
(इ) रक्ताभिसरण : नाडी, रक्तदाब, हातपाय गार आहेत का, रक्त कोठून वाहते आहे का?
(ई) चेतना : हाकेला ओ देतो का? रक्तातील साखर किती?
(उ) उघडून तपासणी : कपडे सैल करून सर्व अंग पाहणे, मग पांघरूण घालणे.

निदान काय आहे हे यात कोठेच विचारलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले का? आपत्कालीन वैद्यकाचे हे वैशिष्ट्य आहे. रोगाचे नाव नंतर कळले तरी चालते. श्वास आधी चालू हवा. साखरेची तपासणी या क्रमात मुद्दाम आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर फार खाली गेली की तो बरळतो, बेशुद्ध पडतो; कधी एक बाजू लुळी पडून पक्षाघातासारखे चित्र दिसते. बोटातल्या रक्ताच्या एका थेंबाने हे कळते आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर रुग्ण काही मिनिटांत उठून बसू शकतो.

४.३ तयारी

या सगळ्यासाठी लागणारी साधने मोजकी आहेत : ऑक्सिजन, घशातील स्राव ओढून घेणारे सक्शन यंत्र, हाताने श्वास देण्याची ॲम्बू बॅग, ईसीजी यंत्र, ग्लुकोमीटर, हृदयाला विद्युत झटका देणारे डिफिब्रिलेटर आणि आपत्कालीन औषधांची ट्रॉली. साधने असणे आणि ती चालू स्थितीत असणे यांत फरक आहे. म्हणून चांगल्या रुग्णालयात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला परिचारिका ट्रॉली तपासून वहीत सही करते. ही वही म्हणजे तिसऱ्या विलंबावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

५. लहान रुग्णालयात काय होऊ शकते? काही उदाहरणे

५.१ हृदयविकाराचा झटका. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो आणि तो मरू लागतो. रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढावा, असा दंडक आहे. ईसीजीत विशिष्ट बदल दिसले आणि १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध रुग्ण पोहोचल्यापासून ३० मिनिटांच्या आत द्यावे. हे औषध देण्यासाठी मोठ्या शस्त्रक्रियागृहाची गरज नसते. ईसीजीचा फोटो दूरच्या तज्ज्ञाला मोबाइलवर पाठवून सल्ला घेता येतो. रामघाटच्या आपल्या यात्रेकरूसाठी मधल्या लहान रुग्णालयात हे झाले, तर पुढचा प्रवास अधिक सुरक्षित होतो.

५.२ सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच बहुगुणी प्रतिविष आपल्याकडे वापरले जाते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती ओळखण्याची चाचणी लहानात लहान केंद्रात होते : स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. प्रतिविष देताना तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाताशी तयार ठेवतात. मण्यारीच्या दंशात जखम जवळजवळ दिसत नाही. आधी पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबू लागतो. अशा वेळी ॲम्बू बॅगने श्वास देत राहिल्यानेही जीव वाचतो.

५.३ प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. बाळ सुखरूप जन्मले तरी आईचा रक्तस्राव थांबला नाही, तर काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, गर्भाशयाचा मसाज आणि शिरेतून द्रव हे उपचार ग्रामीण रुग्णालयातच नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतात. सिझेरियन आणि रक्तसाठवणुकीची सोय ज्या ग्रामीण रुग्णालयात असते, त्याला ‘प्रथम संदर्भ केंद्र’ असा दर्जा देतात.

५.४ पक्षाघात. येथे लहान रुग्णालयाची मर्यादा स्पष्ट दिसते. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनने पाहावेच लागते. सीटी स्कॅन नसेल तर लहान रुग्णालयाचे काम म्हणजे साखर तपासणे, लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून घेणे आणि विनाविलंब पुढे पाठवणे. कोठे थांबायचे आणि कोठे थांबायचे नाही, हे कळणे हीसुद्धा आपत्कालीन सेवाच आहे.

६. अभ्यास-उदाहरण : महाडचा विंचू

लहान केंद्र फक्त मोठ्या रुग्णालयात तयार झालेले ज्ञान वापरते, असा समज असतो. तो किती अपुरा आहे हे रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्याच्या उदाहरणावरून दिसते.

कोकणात भातशेतीच्या, गवताच्या, लाकूडफाट्याच्या कामात लाल विंचू चावणे ही नेहमीची गोष्ट. काळा विंचू आकाराने मोठा असला तरी खरा घातक असतो तो लाल विंचू. पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या गंभीर दंशाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जात असे. मरणाऱ्यांत लहान मुले पुष्कळ असत.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. दंशाचे रुग्ण त्यांच्याकडे येत आणि त्या वेळच्या रूढ औषधांचा उपयोग होत नसे. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी आला, हातपाय कधी गार पडले, श्वास कधी लागला. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. आधी उलट्या, भरपूर घाम, लाळ, गार हातपाय, वाढलेला रक्तदाब. त्यानंतर काही तासांत हृदय थकणे, फुप्फुसांत पाणी भरणे, तोंडाला फेस आणि मृत्यू. म्हणजे रुग्ण हृदय निकामी होऊन दगावत होता, आणि त्याची पूर्वसूचना शरीर आधी देत होते. ही पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

असे का होते ते समजून घ्या. विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते. त्यामुळे ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम प्रचंड प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय दमते आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. कारण कळले की उपाय शोधता येतो : आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध द्यायचे. प्रारंभी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरले गेले. पण ते शिरेतून, थेंबाथेंबावर नजर ठेवून द्यावे लागते. त्यानंतर प्राझोसिनचा वापर सुरू झाला. हे रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेले, तोंडाने घेण्याचे औषध. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. प्राझोसिनच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यापर्यंत खाली आले. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांच्या महाड येथील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण एकट्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरतो. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री देण्यात आली.

या उदाहरणातून आपल्या विषयापुरते तीन मुद्दे घ्या.
१) गोळी स्वस्त आणि तोंडाने घेण्याची असल्यामुळे उपचार गावातल्या केंद्रातच सुरू करता येतो. दुसऱ्या विलंबाचा धोका त्यामुळे आपोआप कमी होतो.
२) पूर्वलक्षणे माहीत असल्यामुळे कोणाला फक्त वेदनाशामक पुरेल आणि कोणाला थांबवून घ्यायचे, हे परिचारिकेलाही ठरवता येते. म्हणजे वर्गवारी शक्य होते.
३) दंशाचे रुग्ण ज्या दारात येतात, तेथेच त्यांचा अभ्यास होऊ शकतो. बिरवाडीत मोठी प्रयोगशाळा नव्हती. रक्तदाबमापक, घड्याळ आणि वही होती.

विद्यार्थ्यांनी येथे एक खबरदारी घ्यावी. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे औषध आहे, घरगुती उपाय नव्हे.

७. पुढे पाठवणे : संदर्भसेवा

रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवण्याला ‘संदर्भसेवा’ म्हणतात. बोलीत आपण “पुढे पाठवलं” म्हणतो. पाठवणे आणि टाळणे यांतला फरक पुढील पाच गोष्टींनी ठरतो :
• पाठवण्यापूर्वी श्वास, रक्तदाब आणि रक्तस्राव शक्य तितके आटोक्यात आणले का?
• ज्या रुग्णालयात पाठवायचे तेथे फोन करून खाट व तज्ज्ञ आहेत याची खात्री केली का?
• चिठ्ठीवर लक्षणांची वेळ, दिलेली औषधे व त्यांची वेळ लिहिली का?
• वाटेत ऑक्सिजन आणि सोबत प्रशिक्षित माणूस आहे का?
• नातेवाइकांना का पाठवत आहोत हे त्यांच्या भाषेत सांगितले का?

रामघाटाजवळच्या रुग्णाचा विचार करा. कबीरचौऱ्याचे शिवप्रसाद गुप्त रुग्णालय तुलनेने जवळ आहे. काशी हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय शहराच्या दक्षिण टोकाला आहे. कोठे न्यायचे हे अंतरावर ठरत नाही. आज, या घडीला, या आजाराची सोय कोठे आहे यावर ठरते. ती माहिती फोन केल्याशिवाय मिळत नाही. एका दारातून दुसऱ्या दारात फिरताना गेलेला वेळ कोणत्याच रुग्णालयाच्या नोंदीत दिसत नाही. तो फक्त रुग्णाच्या वाट्याला येतो.

वाहतुकीची व्यवस्था आता पूर्वीपेक्षा बरी आहे. १०८ ची सेवा २००५ मध्ये हैदराबादमधून सुरू झाली. उत्तर प्रदेशात ती २०१२ मध्ये आली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक सोयींच्या आणि ७०४ मूलभूत सोयींच्या होत्या. तरीही रुग्णवाहिका हा साखळीतला एकच दुवा आहे. अलीकडचा आणि पलीकडचा दुवा निसटला तर तिच्या वेगाचा उपयोग होत नाही.

८. कायदा काय सांगतो?

८.१ परमानंद कटारा खटला (१९८९). एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असता, पोलिसी प्रकरणे हाताळण्याची परवानगी नाही असे सांगून सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयात न्यायला सांगण्यात आले. वाटेत तो दगावला. त्याविषयीच्या बातमीवरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे त्याचे कर्तव्य आधी येते. पोलिसांची औपचारिकता नंतर.

८.२ पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटला (१९९६). शेतमजूर संघटनेचा एक सदस्य १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कलकत्त्यातील मोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरवण्यात आले. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने २५,००० रुपये भरपाई दिली आणि वेळेवर आपत्कालीन उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे असे ठरवले. निकालातील सूचना आपल्या पाठाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत : प्राथमिक केंद्रांत रुग्णाला स्थिर करण्याची सोय असावी, उपविभागीय व जिल्हा रुग्णालये गंभीर रुग्णांसाठी सक्षम करावीत, कोठे खाट रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती यंत्रणा असावी, रुग्णवाहिका सुसज्ज असाव्यात. म्हणजेच न्यायालयाने आपण वर पाहिलेली साखळीच सांगितली.

८.३ मदत करणाऱ्याला संरक्षण. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस मागे लागतील, या भीतीने लोक पुढे येत नसत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. याच कायद्यात गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ असे म्हटले आहे.

९. तुम्ही काय करू शकता?

साखळीचा पहिला दुवा बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. जवळ उभा असलेला माणूस असतो. तो उद्या तुम्ही असाल.

• छातीत दाब व घाम, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे, दम लागणे ही लक्षणे दिसताच “थोडं बसा” म्हणू नका. १०८ किंवा ११२ वर फोन करा. चालवत नेऊ नका, उचलून न्या.
• माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाब द्या : मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका.
• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाबून धरा.
• सर्पदंशात घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, रक्त चोखू नका. दंशाचा अवयव न हलवता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.
• वेळ लिहून ठेवा. “सकाळी कधीतरी” आणि “पावणेसहाला” यांत उपचाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे.
• आपल्या वस्तीतून रुग्णवाहिका नेमकी कोठपर्यंत येते, उचलून नेण्याचा जवळचा मार्ग कोणता आणि रात्री कोणत्या रुग्णालयाचे दार उघडे असते, हे आजच माहीत करून घ्या. रामघाटासारख्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना हे लागतेच. पण उंच इमारतीच्या दहाव्या मजल्यावर, जेथे लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, तेथेही लागते.

सारांश

आपत्कालीन सेवा ही एक साखळी आहे. निर्णय, वाहतूक आणि उपचार या तीन ठिकाणी विलंब होतो. त्यांपैकी तिसरा विलंब रुग्णालय स्वतः कमी करू शकते. वर्गवारी, ठरावीक क्रमाची तपासणी, चालू स्थितीतील मोजकी साधने आणि नीट केलेली संदर्भसेवा यांवर समुदाय रुग्णालयाचे काम उभे असते. महाडच्या उदाहरणात प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोंदींपासून सुरू झालेल्या अभ्यासाने लाल विंचवाच्या गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे १ टक्क्यापर्यंत आले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार वेळेवर आपत्कालीन उपचार मिळणे हा जीविताच्या हक्काचा भाग आहे. रामघाटच्या यात्रेकरूचे काय होईल, हे वाटेवरच्या लहान रुग्णालयात ईसीजी यंत्र चालू आहे की नाही आणि त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने फोन कधी केला, यावर बऱ्याच अंशी ठरते.

स्वाध्याय

१. ‘तीन विलंब’ तुमच्या परिसरातील एकेका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. बाह्यरुग्ण विभागातील रांग आणि आपत्कालीन विभागातील वर्गवारी यांत कोणता फरक आहे? त्यामागचे कारण सांगा.
३. प्राझोसिन हे औषध लहान आरोग्य केंद्रासाठी विशेष उपयुक्त का ठरले? विषाच्या परिणामांशी संबंध जोडून उत्तर लिहा.
४. पक्षाघाताच्या रुग्णाबाबत सीटी स्कॅन नसलेल्या रुग्णालयाने काय करावे आणि काय करू नये?
५. १९९६ च्या निकालातील सूचनांपैकी कोणत्या तुमच्या तालुक्यात अमलात आल्या आहेत? जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला भेट देऊन, परवानगीने माहिती घ्या व एक पानाचा अहवाल लिहा.
६. तुमच्या घरापासून आपत्कालीन सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयापर्यंत दिवसा आणि रात्री किती मिनिटे लागतात, ते प्रत्यक्ष मोजून नोंदवा.